पाचवा पेनड्राइव्ह

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कपाशी सल्ला केंद्राच्या समितीचे ज्येष्ठ सदस्य आदरणीय बाबारावजी ठेंगणे, नागपूरच्या मुख्य कार्यालयातून सकाळची गाडी पकडून आलेले प्रमुख पाहुणे माननीय नयन देऊळकर साहेब, सत्कारमूर्ती आदरणीय वामनरावजी पिंपळशेंडे सर, सरांच्या बाजूच्या खुर्चीत ज्यांना आम्ही जवळजवळ हाताला धरून बसवलं त्या त्यांच्या पत्नी विमलताई, राळेगावापासून झरी जामणीपर्यंत पाचही उपकेंद्रांवरून आलेले माझे सर्वेक्षक भाऊ-बहिणी, मारेगावचे नागरिक आणि शेतकरी बंधूंनो, आपणा सर्वांना साधना नगराळेचा सविनय जय भीम आणि नमस्कार.

माझ्या आधी चार वक्ते बोलून गेले. सर वेळेचे पक्के, सर शिस्तीचे, सर साधे, सर शांत. सगळं खरं आहे. पण सर शांत आहेत हे सांगणाऱ्यांनी बांधावर उभं राहून पिकाचा अंदाज सांगणाऱ्या सर्वेक्षकाला सर काय बोलतात ते ऐकलेलं दिसत नाही. समोर बसलेले हसताहेत, म्हणजे त्यांनी ऐकलं आहे.

अध्यक्ष महोदय, मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जरा जास्त घेणार आहे, त्याची माफी आत्ताच मागून ठेवते. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती दोन हजार दहा सालची आहे आणि ती अर्धीच सगळ्यांना ठाऊक आहे.

कापसाची ती वर्षं कशी होती हे या सभागृहाला मी काय सांगावं? तुम्ही ती काढली आहेत. एक फवारणी वाचली तर घरात श्वास घ्यायला जागा व्हायची. आपलं केंद्र तेवढ्याचसाठी निघालं. सर्वेक्षकांनी आठवडाभर शेतात जाऊन कपाशीचा रस शोषणारे तुडतुडे मोजायचे, शनिवारी आकडे मारेगावला यायचे आणि सोमवारी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर संदेश जायचा. फवारा किंवा थांबा. लोक त्या एका ओळीची वाट पाहायचे.

आकडे यायचे कसे? तेव्हा उपकेंद्रांवर इंटरनेट नव्हतं. कुठे ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर, कुठे शाळेचा. आकडे पेनड्राइव्हवर भरायचे, पेनड्राइव्ह चष्म्याच्या घरात ठेवायचा आणि ते घर एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं. चष्म्याचं घर ही विमलताईंची कल्पना. नेत्रशिबिरातून उरलेली पाच घरं त्यांच्याकडे होती. कंडक्टर लोक विचारायचे, काय हो, तुमच्या हापिसात सगळ्यायचेच डोळे गेले काय?

मी त्या वेळी चोवीस वर्षांची, अकरा महिन्यांच्या करारावर कॉम्प्युटर चालवणारी. घरात पगार आणणारी मी पहिली. वडील माझा करार दर वर्षी वाढतो की नाही ते माझ्याआधी विचारायचे. तेवढं लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्या करारावर आली होती.

अडचण अशी, की आमच्या सर्वेक्षकांना तुडतुडा पानाखालून बरोबर सापडायचा, पण कॉम्प्युटरमधली फाइल काही सापडायची नाही. दर शनिवारी एखादा पेनड्राइव्ह कोराच यायचा. म्हणून मी शहाणपणा केला. एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'वेचणी'. पेनड्राइव्ह कोणत्याही कॉम्प्युटरला लावला की वेचणी आपोआप आत शिरायची, त्या मशीनवर स्वतःची एक प्रत ठेवायची, आठवड्याचे आकडे उचलायची आणि गप्प बसायची. कोणाला काही दाबायला नको, कोणाला काही विचारायला नको. आता तुम्हीच सांगा, चोर याहून वेगळं काय करतो? पण तेव्हा मला माझं फार कौतुक वाटलं होतं. कोरे पेनड्राइव्ह येणं बंद झालं आणि सरांनी माझ्या टेबलावर पेढा ठेवला.

ऑगस्टमध्ये मुख्य कार्यालयानं सगळ्या केंद्रांच्या कॉम्प्युटरवर नवा अँटीव्हायरस बसवला. योग्यच केलं. त्या दिवसांत पेनड्राइव्हवरून व्हायरस तालुक्या-तालुक्यात फिरत होते. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी पाच चष्म्याची घरं आली. मी राळेगावचा पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर लाल चौकट आली. वेचणी अडवली आहे, धोका आहे, हा प्रोग्राम परवानगीशिवाय स्वतःची प्रत करतो.

नियमाप्रमाणे मी नागपूरला फोन लावला. पलीकडे देऊळकर साहेब होते. साहेब, तुम्ही तेव्हा कॉम्प्युटर विभागात नवे होता आणि तुमचा आवाज आजच्यापेक्षा मोठा होता. त्यांनी विचारलं, "हा प्रोग्राम कोणत्या कंपनीचा आहे?" मी म्हटलं, "सर, मी बनवला."   साहेब म्हणाले, "मशीन बंद करा. सोमवारी दुपारपर्यंत केंद्रप्रमुखांनी लेखी कळवावं, हा व्हायरस आहे की खोटा इशारा आहे. व्हायरस असेल तर करार संपला, आणि पोलिसांत तक्रारही द्यावी लागेल."

साहेबांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. 

केंद्रप्रमुख म्हणजे वामनराव सर. तीस वर्षं शेतात गेलेली, आणि कॉम्प्युटर म्हणजे ज्यावर मी धूळ बसू देत नाही अशी एक वस्तू, एवढीच त्यांची ओळख. मी रडत त्यांच्याकडे गेले. सर म्हणाले, "काहून रडून राह्यली? अजून त काईच पाह्यलं नाई आपण."

तोपर्यंत हापिसात सल्ला देणारे जमले होते. एक म्हणाला, अँटीव्हायरस बंद करून टाका, कॅफेवाला बी तसंच करते. दुसरा म्हणाला, वेचणीच पुसून टाका, म्हणजे कायचा व्हायरस अन् कायचं काय. नावं घेत नाही, दोघंही मागच्या रांगेत बसून जेवणाची वाट पाहत आहेत. सरांनी दोघांनाही चहा दिला आणि बाहेर काढलं. मग मला म्हणाले, "शेतकरी पळत येते, म्हंते पीक गेलं, फवारू का? आपण काय म्हंतो?"

मी म्हटलं, "पान उलटून पाहा म्हणतो."

"मंग हे बी पान उलटून पाहू. मले कॉम्प्युटर येत नाई. तुले येते. तू कर, मी मोजतो."

रविवारी सकाळी नऊला सर आले. काखेत सर्वेक्षणाची वही, हातात विमलताईंनी दिलेला डबा. गोडाउनमध्ये एक जुना कॉम्प्युटर पडला होता. सरांनी तो वापरायचं ठरवलं. इंटरनेटची किंवा दुसऱ्या मशीनची कोणतीच वायर त्याला लावू दिली नाही. आजारी बैल वेगळा बांधतात, तसा तो वेगळा राहिला. त्यावर नव्या अँटीव्हायरसची सीडी चढवली. एक कोरा पेनड्राइव्ह दुकानातून सीलबंद आणला.

मग सरांनी पहिला प्रश्न विचारला, आणि तो आजपर्यंत मला कोणत्याही कोर्समध्ये कोणी विचारला नाही. "लाल चौकट तुया प्रोग्रामले पाहून आली, का प्रोग्रामले चिकटलेल्या कायले पाहून आली?"

वेचणी मी आधी वहीत लिहिली होती. एकशे बारा ओळी. ती वही मी घरून आणली होती. सर म्हणाले, जुनी फाइल घेऊ नको, वहीतून नवी टाईप कर. मी टाईप करत गेले आणि सर वहीवर पट्टी धरून एकेक ओळ खाली सरकवत गेले. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण दोन ठिकाणी मी सोडलेला स्वल्पविराम त्यांनी पकडला. अडीच तास लागले. नवा कोरा पेनड्राइव्ह, नवी लिहिलेली वेचणी. तपासणी लावली. लाल चौकट आली.

 म्हणजे बाहेरून काही चिकटलं नव्हतं, जे होतं ते माझंच होतं. मी व्हायरस लिहिला होता की काय? सर वहीत लिहीत म्हणाले, "बरं झालं. एक गोष्ट त कयली." मला त्यात काय बरं झालं ते समजेना.

"आता हे सांग, याच्यात न इचारता काम करणाऱ्या ओळी कोणत्या?"

चार ओळी होत्या. आपोआप सुरू होण्याच्या आणि स्वतःची प्रत ठेवण्याच्या. सरांनी त्या काढायला लावल्या. तपासणी लावली, चौकट आली नाही. परत घाल म्हणाले. घातल्या, चौकट आली. पुन्हा काढ म्हणाले. गेली. असं तीनदा केलं. मी म्हटलं, सर, समजलं ना आता. ते म्हणाले, झाडाचं एक पान पाहून कोणी आकडा लिहीत नाई, वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं पाहायची.

तर अर्थ असा निघाला. अँटीव्हायरसनं वेचणीत व्हायरस ओळखलाच नव्हता. त्यानं एक सवय ओळखली होती, न विचारता आत शिरायची, आणि त्या सवयीचे बहुतेक प्रोग्राम लबाड असतात म्हणून त्यानं ओरड केली. ओरडला ते रास्त होतं. पण बाकीच्या एकशे आठ ओळींत कोणाचं काही पुसणारं, चोरणारं, बाहेर पाठवणारं काही नव्हतं. इशारा खोटा होता. मी गोडाउनच्या पायरीवर बसले आणि शनिवारपासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. विमलताई, तुमच्या त्या डब्यातली वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर मी एकटीनं अर्धी संपवली होती. सरांनी तुम्हाला हे सांगितलं नसणार.

इथपर्यंतची गोष्ट केंद्रात सगळ्यांना माहीत आहे. आता जे सांगते त्यातला एक भाग आजपर्यंत आम्हा दोघांनाच माहीत होता.

जेवण झाल्यावर मी वही आवरायला लागले. सर म्हणाले, "ते पाच पेनड्राइव्ह कुठं हायेत?" मी म्हटलं, आता त्यांचं काय काम? सर म्हणाले, "हे आपण घरी लावलेलं झाड पाह्यलं. शेत कुठं पाह्यलं?"

त्या वेगळ्या बांधलेल्या मशीनला एकेक पेनड्राइव्ह लावला. पहिला, एकच लाल ओळ, वेचणीची. दुसरा, तीच. तिसरा, तीच. चौथाही तसाच. मी पाचवा लावता लावता वहीत 'तेच' असं लिहूनही टाकलं होतं. सरांनी माझा हात धरला. पाचव्यात दोन लाल ओळी होत्या. एक वेचणीची, आणि दुसरी भलत्याच नावाची, एका लपवलेल्या फाइलवर.

तो झरी जामणीकडचा पेनड्राइव्ह होता, जमनीबाई टेकाम यांचा. जमनीबाई समोर बसल्या आहेत, त्यांना मी विचारून हे सांगते आहे. त्यांनी पुतणीच्या लग्नाचे फोटो काढून आणायला तोच पेनड्राइव्ह फोटो स्टुडिओत दिला होता. पोडावरच्या वस्तीत दुसरा पेनड्राइव्ह होता कुठे? तिथून तो व्हायरस आला. वेचणीच्या चार ओळी काढून पाहिल्या तरी ती दुसरी लाल ओळ काही जाईना. तीनदा पाहिलं. तो इशारा खरा होता.

मंडळी, त्या शनिवारी अँटीव्हायरस बंद करायचा सल्ला आम्ही ऐकला असता, तर हा पाचवा पेनड्राइव्ह गुपचूप मुख्य मशीनमध्ये गेला असता, आणि पुढच्या आठवड्यात पाचही चष्म्याच्या घरांतून गावोगाव.

पण त्या क्षणी माझ्या मनात हे काहीही आलं नाही. माझ्या मनात एवढंच आलं, की आता नागपूरला कळवलं की ते म्हणणार, पाहा, निघालाच ना व्हायरस. पोरीनंच घातला असणार. तुडतुडे डोक्यातून गेले, संदेश गेला, मला माझा करार दिसत होता आणि वडील दिसत होते.

म्हणून मी सरांना म्हटलं, "सर, पाचवा नका लिहू. मी तो आत्ता साफ करते. कोणाला कळणार नाही."

आज हे या व्यासपीठावरून बोलताना मला लाज वाटते. साहेब, तुम्ही पहिल्यांदा ऐकता आहात. मी पुरावा पुसायला निघाले होते आणि माझ्या केंद्रप्रमुखांना त्यात घ्यायला निघाले होते.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी वही माझ्यापुढे केली आणि म्हणाले, "तुया प्रोग्राम साफ हाय, हे मी कायच्या जोरावर सांगून राह्यलो? याच वहीच्या ना? हिच्यात एक ओळ लपवली त बाकीच्या चार कोण मानीन? उद्या मी बी नाई मानणार."

मग म्हणाले, "लिही तू. तुया अक्षरात लिही."

मी लिहिलं. त्या वहीत मी 'तेच' असं जिथे आधीच लिहून ठेवलं होतं ते सरांनी खोडू दिलं नाही, त्यावर एक रेघ मारून पुढे खरं लिहायला लावलं. पाच पेनड्राइव्ह, चारांत खोटा इशारा, एकात खोटा आणि खरा दोन्ही. काय केलं, कितीदा केलं, कोणत्या मशीनवर केलं. आणि खाली, प्रोग्राम बनवणारी म्हणून माझं पूर्ण नाव. मी म्हटलं, नाव कशाला सर? ते म्हणाले, "काम तुयं हाय, मंग नाव कोणाचं लिहू?"

सोमवारी सकाळी दोन पानं फॅक्सनं नागपूरला गेली. त्यानंतरची दुपार मी कशी काढली ते मलाच ठाऊक. सर मात्र बाहेर एका शेतकऱ्याला पांढरी माशी आणि फुलकिडा यातला फरक अर्धा तास समजावत होते. पावणेचारला फोन वाजला. सरांनी घेतला, 'हो' म्हणाले, पुन्हा 'हो' म्हणाले आणि माझ्याकडे दिला.

साहेब, तुमचं वाक्य मला पाठ आहे, तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही म्हणालात, "आम्ही इथं करून पाहिलं, तुमच्यासारखंच आलं. वेचणी चालू ठेवा. आणि ज्यानं पाचवा लिहिला त्याच्या चारवर मी डोळे मिटून सही करतो." मी धन्यवाद म्हणायलाही विसरले. ते आज म्हणते. फोन ठेवला आणि हापिसात सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. सर म्हणाले, "आता कायले रडते? संदेश पाठव, लोक थांबले हायेत." संध्याकाळी सहाला संदेश गेला. तुडतुडे मर्यादेच्या खाली, या आठवड्यात फवारू नका. रात्री घरी गेले, वडिलांना म्हटलं, आहे, करार आहे. त्यांनी स्वतः उठून चहा मांडला.

एक अट मात्र सरांनी घातली होती. त्या चार ओळी परत घालायच्या नाहीत. वेचणीनं आधी 'घेऊ का?' असं विचारलं पाहिजे. मी वाद घातला, की लोकांना उत्तर द्यायला जमणार नाही, पेनड्राइव्ह पुन्हा कोरे येतील. सर म्हणाले, "तू इचारलंच नाई त त्यायले जमन कसं?" पुढच्या शुक्रवारी जमनीबाईंचा फोन आला. "बाई, हे मशीन मले इचारून राह्यलं, घेऊ का म्हणून. हो म्हटलं त काई फुटन त नाई?" नाही म्हटलं. शनिवारी सगळ्यात आधी त्यांचेच आकडे आले, आणि आज नव्या सर्वेक्षकांना कॉम्प्युटर कोण शिकवतं ते समोरच्या रांगेत पाहा.

वामनराव सर, त्यानंतर सहा वर्षं झाली. माझा करार कायम झाला, मी परीक्षा दिली, बढती झाली. दर वेळी माझ्याबद्दलचा शेरा तुम्ही लिहिलात. त्या रविवारी मी तुम्हाला काय करायला सांगितलं होतं ते तुम्ही एकदाही, कुठेही, थट्टेतसुद्धा काढलं नाहीत. विमलताईंनाही नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून आत्ता कळतं आहे.

सोमवारपासून तुमच्या खुर्चीत मी बसणार आहे. लाल चौकटी आता माझ्या टेबलावर येतील, आणि कोणी तरी माझ्यापुढे उभं राहून म्हणेल, मॅडम, एवढं नका लिहू. मला ते माणूस लबाड वाटणार नाही, कारण ते माणूस कसं घाबरलेलं असतं ते मला माहीत आहे. मी त्याच्यापुढे वही करीन. पण तसं करायचं असेल तर माझीच एक ओळ लपलेली राहून चालणार नव्हतं. म्हणून साहेबांसमोर, समितीसमोर आणि तुमच्यासमोर ती आज सांगून टाकली. सर, आता तुम्ही मोकळे झालात आणि मीही.

अध्यक्ष महोदयांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि तरी घंटी वाजवली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. देऊळकर साहेबांचे, आयोजकांचे आणि एवढा वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. सर आणि विमलताई, पुढचे दिवस सुखाचे जावोत. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. चूक झाली असेल, मुद्दाम गाळलेलं मात्र आता काही नाही.

जय भीम. नमस्कार.